मागेबघे सर

मागेबघे हे आमच्या सरांचं आडनाव नव्हतं. पण ते इतकं आडनावासारखं वाटायचं, की आठवीत नव्याने आलेल्या एका मुलाचे वडील शाळेच्या दारात हात जोडून "नमस्कार, मागेबघे सर" म्हणाले होते, आणि सरांनी चेहरा जराही न हलवता "नमस्कार, या" म्हटलं होतं. नाव आम्ही पोरांनी ठेवलेलं. सर कुठूनही उठले, की चार पावलं चालायचे, थांबायचे आणि मागे वळून आपण बसलो होतो ती जागा बघायचे. वर्गातली खुर्ची असो, बसमधलं बाक असो, की अमृततुल्यातलं टेबल. काही सांडलं नाही ना, काही राहिलं नाही ना, आपण येऊन गेल्याची खूण उरली नाही ना. मग पुढे. लग्नाच्या पंगतीतून उठतानासुद्धा हा माणूस मागे बघायचा. शनिवार पेठेत लोकांना चेष्टेला विषय लागतोच. तो आमच्या सरांनी फुकटात पुरवला होता.

शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण त्यांच्याकडून कोणी भूगोल शिकल्याचं मला आठवत नाही. ते खरे दिसायचे शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात स्कार्फ आणि स्कार्फखाली लोंबणारी शिट्टी. स्काउटचं पथक त्यांनी आमच्या जन्माआधीपासून चालवलेलं. आम्ही तिथे काही देशसेवेच्या उमाळ्याने गेलो नव्हतो. घर दोन खोल्यांचं, त्यात माणसं सहा, आणि प्रत्येकाच्या तोंडी माझी दहावी. शनिवारी दुपारी घराबाहेर पडायला मिळतंय, एवढंच बास होतं.

एकदा कोणीतरी शेंगा खाऊन टरफलं मैदानात टाकली. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि उचलायला सांगितलं. आमच्यातल्या नंदूला वाटलं, गाव पुणे, विषय टरफलांचा, अशी संधी पुन्हा कुठे मिळायची! छाती पुढे काढून तो म्हणाला, "शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं मी उचलणार नाही." सर त्याच्याजवळ गेले. "असं म्हणणारे गणितात हुशार होते," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तू सहामाहीत आपटलायस. उचल." नंदूने उचलली. तो पुढे वकील झाला, आणि या हकिगतीत तो पुन्हा येणार आहे, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत आमचं शिबिर धायरीला असायचं. तेव्हा धायरी पुण्यात नव्हती, पुण्याबाहेर होती. स्वारगेटहून बस, पुढे पाठीवर वळकट्या घेऊन पायपीट, ज्वारीची रानं संपली की एक चढ, आणि चढ संपला की गवताचा माळ. माळाच्या कडेला ओढा. माळ गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी सरांना फार पूर्वी सांगून टाकलं होतं, "मास्तर, ह्यो माळ तुमच्या पोरांचा. हितं दुसरं काय पिकत न्हाई, पोरं तरी पिकू द्या." कागद वगैरे कोणी केला नाही. त्या माळाला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, कागद कशाला करतील?

शिबिरात काय काय करायचो ते सांगत बसत नाही. गाठी, तंबू, करपलेली खिचडी, हे सगळ्या पथकांचं सारखंच असतं. आमचं वेगळेपण शेवटच्या दिवशी. इतर पथकं तंबू गुंडाळतात आणि निघतात. आम्हाला माळ घेतला तसा परत करावा लागे. चूल खणण्याआधी गवताचे मुळांसकट चौकोन कापून ओढ्याकाठी सावलीत मांडून ठेवायचे, त्यांना रोज पाणी घालायचं. शेवटच्या दिवशी राख लांब नेऊन मातीत मुरवायची, खड्डा भरायचा, वर ते चौकोन पुन्हा जागच्या जागी बसवायचे. तंबूच्या खुंट्यांची भोकं बोटाने बुजवायची. आणि आमच्या अंगाखाली चेपलेलं गवत हाताने उभं करायचं. हो, हाताने! मिसरूड फुटलेली पोरं गुडघ्यांवर बसून गवत विंचरतायत आणि सर कमरेवर हात ठेवून मागे उभे, असा तो सगळा देखावा. "ज्याने जागा दिली त्याला आपला उपद्रव दिसता कामा नये," ते म्हणायचे. "पाहुण्याने पाहुण्यासारखं जावं. माळाला कळलंच नाही पाहिजे आपण आलो होतो ते."

मग परीक्षा व्हायची. परीक्षक आबा. सर त्यांना हाताला धरून माळावर आणायचे आणि विचारायचे, "सांगा आबा, चूल कुठे होती?" आबा काठी टेकत, वाकून वाकून बघत फिरायचे. आम्ही श्वास रोखून उभे. आबांनी काठी रोवली की हमखास चुकीच्या जागी. "मास्तर," ते म्हणायचे, "ही पोरं हाईत का भुतं?" सर एरवी हसत नसत. पण तेव्हा त्यांचा सगळा चेहरा उजळायचा. आम्हाला परीक्षेत पहिला नंबर मिळाला असता तरी आमच्या बापांचा उजळला नसता इतका.

आबांचा मुलगा बापू आमच्याच वयाचा. पथकात नव्हता, पण शिबिरभर आमच्यातच. आमची खिचडी खायचा, आमच्या गाठी आमच्याआधी शिकायचा, आणि शेवटच्या दिवशी आमच्याबरोबर गवतही विंचरायचा. एका वर्षी तो बाभळीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. सरांनी दोन काठक्या लावून स्वतःच्या स्कार्फने हात बांधला, त्याला बसने पुण्याला नेलं आणि प्लास्टर घालून संध्याकाळी परत आणून आबांच्या ताब्यात दिलं. वाटेत त्याला रडू येऊ नये म्हणून स्वारगेटपर्यंतच्या सगळ्या थांब्यांची नावं उलटीसुलटी पाठ करून घेतली म्हणे. भूगोल शिकलेला बहुतेक तो एकटाच.

आम्ही शाळेतून बाहेर पडलो आणि सगळंच बदलत गेलं. घरोघरी केबल आली, मग फोन आले, मग आमच्या पिढीला कॉम्प्युटरच्या नोकऱ्या लागल्या. मीही त्याच रांगेतला. शाळेत पथकाची खोली होती, तिथे संगणक कक्ष झाला. तंबू आणि दोर माळ्यावर गेले. शनिवारच्या दुपारी क्लासेसनी घेतल्या. "संगणकाशी माझं भांडण नाही," सर मला म्हणाले होते. "फक्त तो मुलांना ओढ्यावर कधी नेणार ते एकदा विचारून सांग मला." तरीही उरलेली आठ-दहा मुलं घेऊन ते दर दिवाळीत धायरीला जातच राहिले. निवृत्त झाल्यावरही जात राहिले.

तिकडे सिंहगड रस्ता वाढत गेला, धायरीच्या रानांत इमारती उगवायला लागल्या, आणि आबा वारले. त्या दिवाळीत सर मुलांना घेऊन चढ चढून गेले तर माळाला काटेरी तारेचं कुंपण, आणि आत एक पाटी: गृहप्रकल्प, लवकरच. रखवालदाराने विचारलं, "काय पाहिजे?" सर म्हणाले, "आम्ही दरवर्षी येतो." तो म्हणाला, "इथं कोण येतंय? गवत हाय नुसतं." सर मुलांना तिथेच उभं करून बापूच्या घरी गेले. बापूने चहा दिला, पाया पडला, आणि म्हणाला, "सर, जागा बिल्डरला दिली. आबांचं बोलणं आबांबरोबर गेलं." मुलं आली तशी बसने परत गेली.

सरांना माळ स्वतःसाठी नको होता. ओढ्याकाठचा एक तुकडा मुलांसाठी सोडावा, इतकंच त्यांचं म्हणणं. ते नंदूकडे गेले. नंदूने कागद चाळले आणि सांगितलं की तोंडी देणगीला अर्थ नाही, पण इतकी वर्षं पथकाची वहिवाट होती हे सिद्ध झालं, तर निदान तो तुकडा मागता येईल. मग दावा, तारखा, हेलपाटे. आमच्यापैकी बरेच जण अमेरिकेत. त्यांनी लांबलचक ईमेल पाठवल्या, त्यांत आठवणी भरपूर, उपयोग शून्य. शाळेच्या दप्तरात नोंद होती ती फक्त "ग्रामीण भागात शिबिर" अशी, आणि नवे मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेला कृपा करून या भानगडीत ओढू नका." गावातल्या जुन्या माणसांना विचारावं, तर निम्म्यांनी आपली रानं त्याच बिल्डरला दिलेली आणि उरलेले देण्याच्या बेतात.

शेवटी कोर्टाने नेमलेले एक साहेब जागेची पाहणी करायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी नंदू आणि मी सरांच्या घरी गेलो. नंदू म्हणाला, "सर, उद्या तिथे काहीतरी दिसायला हवं. तीन दगड रचू, थोडे काळे करू. एक गंजकी खुंटी रोवू. खोटं काही नाही त्यात, चूल होतीच ना तिथे!" सर म्हणाले, "नंदू, माणसं खोटं बोलतात ते मी समजू शकतो. दगडांना कशाला बोलायला लावतोस? जा घरी." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला! तत्त्व वगैरे ठीक आहे, पण समोर कोण उभं आहे ते तरी बघा, असं मी म्हणालोही. त्यांनी मलाही दार दाखवलं.

पाहणीच्या दिवशी ऊन कडक होतं. पावसाळा नुकताच संपलेला, गवत गुडघ्याएवढं. साहेब टोपी घालून आलेले, बरोबर बिल्डरचे वकील, बापू, आणि आम्ही चार-पाच जण. सर खाकी गणवेशात. ते एखादं घर दाखवावं तसा माळ दाखवत होते. इथे तंबूंची रांग, इथे झेंडा, इथे चूल. साहेब भला माणूस होता. तो खरोखरच चुलीच्या जागी गुडघे टेकून बसला, गवत बाजूला सारलं, माती उकरून पाहिली. मग मान वर करून म्हणाला, "मास्तर, इथे चूल पेटली होती असं कोणीही म्हणणार नाही. काही म्हणजे काहीच नाही इथे."

आणि सरांचा चेहरा उजळला! मी शेजारी उभा होतो, मी पाहिलं. अगदी आबांनी चुकीच्या जागी काठी रोवल्यावर उजळायचा तसा. क्षणभरच. मग साहेब काय म्हणाले ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि तो चेहरा जो उतरला, तो पुन्हा कधी वर आलेला मी पाहिला नाही.

बिल्डरच्या वकिलांना आता घाई नव्हती. आम्ही पुरावा म्हणून आणलेला शिबिराचा जुना फोटो त्यांनी हातात घेतला. "मुलं दिसतायत, गवत दिसतंय. हे गवत धायरीचंच, असं त्यावर कुठे लिहिलेलं मला दिसत नाही." मी पुढे होऊन म्हणालो की मी स्वतः इथे राहिलोय, झोपलोय. "आपण यांचेच विद्यार्थी ना?" ते गोड हसून म्हणाले. "मग आपलं काय धरायचं?" साहेबांनी बापूला बोलावलं. "तुम्ही इथलेच. लहानपणी या लोकांना इथे पाहिलंय तुम्ही?" सर बापूकडे बघत होते. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. मुलाला उत्तर येतं हे माहीत असलेले मास्तर बघतात तसं ते बघत होते. बापू बुटांकडे बघत म्हणाला, "न्हाई साहेब. मी काय कुणाला बगितलेलं न्हाई."

दावा गेला. माळावर इमारती झाल्या, ओढ्याला सिमेंटच्या नळीत घातलं. त्यात नवल काही नाही, आमच्या शहरात असंच होतं. मी स्वतः अशाच कुठल्यातरी माळावरच्या सातव्या मजल्यावर राहतो, तेव्हा मला तोंड वर करून बोलण्याची सोय नाही. पण सरांचं पुढे जे झालं ते मला सोसलं नाही.

सर एकदा आमच्याकडे येऊन गेले आणि चष्मा विसरले. आईने मला पिटाळलं. मी नेऊन दिला. पुढच्या वेळी छत्री. मग रुमाल, मग किल्ल्या. आई म्हणाली, "वय झालं रे." चौथ्यांदा मी कोपऱ्यावर त्यांना गाठलं, तर ते किल्ल्या घेईनात. "असू दे तुमच्याकडे," म्हणाले. "मी आलो होतो हे कळेल." चाळीस वर्षं टरफलं उचलायला लावणारा माणूस! मी तिथेच रस्त्यात उभा राहिलो. त्या दिवशी ते मागे न बघता गेले.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बाकीचं सांगितलं. कोणी चहा पिऊन गेलं तर कप विसळू देत नाहीत. केर काढू देत नाहीत, म्हणतात, लोकांच्या चपलांची माती आहे ती, राहू दे. बसची तिकिटं शर्टाच्या खिशात साठवतात, शर्ट धुवायला टाकू देत नाहीत. पेठेतल्या ज्या लोकांनी जन्मभर सरांच्या मागे बघण्याची टिंगल केली, तेच आता बोट कानाशी नेऊन फिरवायला लागले. मी जाऊन त्यांच्यापुढे बसायचो आणि सांगायचो, "सर, आपण जायचो. मी होतो, नंदू होता, चुलीसाठी गवताचे चौकोन मी कापलेत." ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू माझाच विद्यार्थी ना रे? मग तुझं काय धरायचं?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

एकदा मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन आला. नदीकाठच्या बागेत कोणी म्हातारा बाकांवर कर्कटकाने नाव कोरताना सापडलाय, तुमचा नंबर सांगतोय. मी गेलो. सर एका बाकावर बसले होते, समोर माळी आणि रखवालदार तावातावाने बोलत होते, "एवढे शिकलेले तुम्ही, आणि हे उद्योग? लाज नाही वाटत?" मी माफी मागितली, दंड भरतो म्हणालो. त्यांना उठवून चालायला लागलो तर ते लहान मुलासारखे माझा हात घट्ट धरून म्हणाले, "पुसणार नाहीत ना रे ते?" मी नाही म्हणालो. मला रिक्षात बसल्यावर रडू आलं, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी का रडतोय हे त्यांना कळत नव्हतं.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. न्यूमोनिया झाला, आणि चार दिवसांत सगळं संपलं.

शाळेने सभागृह दिलं, तेवढी सभ्यता दाखवली. शोकसभेला पेठेतली माणसं आली, जुने विद्यार्थी आले. भाषणं झाली ती अशा सभांत होतात तशीच. शिस्तप्रिय, निष्ठावंत, निःस्वार्थी. ज्यांनी बोटं फिरवली होती तेही बोलले. नंदू फोटोला हार घालून खाली बसला. सभा संपत आली आणि मागच्या रांगेतून एक जाडजूड माणूस उठला. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. मी ओळखलं. बापू.

"मी बोलाया आलो नव्हतो," तो म्हणाला. "पर सांगतो. सरांनी माझा हात बांदला व्हता. ह्यो हात. पोरं यायची आमच्या माळावर. दर दिवाळीला यायची. त्यांच्यात बसून मी जेवलोय." त्याने तो हात वर धरला. "म्या बगितलंय. समदं बगितलंय."

काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत, मागे वळल्याही नाहीत. समोर सरांच्या फोटोकडे बघत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बापूराव, जागा गेली त्याचं त्यांना फार नव्हतं हो. पण तुम्ही बघितलं नाही म्हणालात ना, ते त्यांना हळूहळू खरं वाटायला लागलं. शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये मला विचारायचे, अगं, आम्ही खरंच जायचो का धायरीला? मी म्हणायची, हो, जायचात की. तर म्हणायचे, तू कुठे होतीस?" मग म्हणाल्या, "मी कधीच गेले नव्हते तिथे. मी काय सांगणार होते त्यांना?"

बापू तसाच उभा राहिला. त्याला खाली बस म्हणायलाही कोणी पुढे झालं नाही.